बारा टाक्यांचे झबले

मूल मोठे होते तेव्हा त्याचे कपडे लहान झाले असे आपण म्हणतो. वस्तुतः कपडे होते तेवढेच राहतात, आणि त्यांनी तसे राहावे यातच त्यांचे मोठेपण आहे. कारण एकाला अपुरा पडलेला कपडा दुसऱ्या कोणाला तरी पुरेपूर होण्यासाठीच मागे थांबलेला असतो. घडीमास्तरांनी तीस वर्षे लोकांचे कपडे हाताळले, तरी हे तत्त्व त्यांना उमगले नव्हते. ते त्यांना एका वीतभर झबल्याने शिकवले, आणि तेही चांगला कान पिळून.

घडीमास्तर हे गल्लीच्या तोंडाशी असलेल्या लॉन्ड्रीचे मालक, नोकर आणि हमाल, असे तिन्ही एकटेच होते. त्यांनी घडी घातलेला सदरा पहिल्या मजल्यावरून खाली पडला तरी उलगडत नाही, अशी त्यांची ख्याती होती, आणि तिच्यामुळेच हे नाव त्यांना चिकटले. त्यांच्या पत्नी, ज्यांना सर्व जण मास्तरीणबाई म्हणत, त्या मात्र या ख्यातीने फारशा भारावलेल्या नव्हत्या. कपड्यांची घडी हे बसवतात, संसाराची मी बसवली, असे त्या गिऱ्हाइकांसमोरच सांगत असत, आणि मास्तर ते ऐकून इस्त्री अधिक जोराने फिरवीत.

मास्तरांच्या धंद्याचा सर्व कारभार धाग्यांवर चाले. शाईची खूण धुण्यात उडते, कागदाची चिठ्ठी गळते; म्हणून ते प्रत्येक कपड्याच्या आतल्या काठाला रंगीत धाग्याचे टाके घालीत. रंगावरून आणि जागेवरून घर ओळखायचे आणि टाक्यांच्या संख्येवरून माणूस. डॉक्टरांचे घर हिरवे, त्यातले स्वतः डॉक्टर एक टाका, त्यांच्या पत्नी दोन. दीडशे घरांच्या अशा खुणा मास्तरांच्या डोक्यात होत्या आणि वहीत एकही नव्हती. कपडा एका घरातून दुसऱ्या घरात गेला, म्हणजे थोरल्याचा सदरा मामेभावाला मिळाला, की मास्तर प्रथम जुनी खूण उसवून टाकीत. दुसऱ्याची खूण वागवणारा कपडा म्हणजे दुसऱ्याचे आडनाव लावणारा पोरगा, असे त्यांचे वचन होते, आणि त्या वचनात त्यांनी तीस वर्षांत कधी कसूर केली नव्हती.

मास्तरांची एकुलती एक लेक लॉन्ड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत आईवडिलांसमवेत राहत असे, कारण जावई लांब पल्ल्याच्या मालमोटारीवर चालक होते आणि महिन्यातले वीस दिवस रस्त्यावरच असत. लेक दातांच्या दवाखान्यात नोंदणीचे काम पाहत असे. तिची मुलगी सातव्या महिन्यातच जन्मली होती. एवढी इवलीशी, की मास्तरांच्या तळहातापासून कोपरापर्यंतच मावावी. म्हणून तिचे नाव मुंगी पडले. आता मुंगी अडीच वर्षांची होती, जिना दोन दोन पायऱ्यांनी चढत असे आणि साखरेचा डबा कोठेही ठेवला तरी बरोबर शोधून काढीत असे, त्यामुळे नाव अधिकच शोभू लागले होते.

त्या वर्षी लेकीने मुंगीच्या मागे पडलेल्या वस्तू काढून द्यायला घेतल्या. बाबागाडी चाकांना तेल देऊन कंपाउंडरच्या घरी गेली. वॉकर, खुळखुळे आणि मच्छरदाणी शेजारच्या भाडेकरूंकडे गेली. आंघोळीच्या टबाच्या वेळी मात्र मुंगी त्यात जाऊन बसली आणि काही केल्या उठेना. अखेर तिच्यासकट टब उचलून नव्या घरी न्यावा लागला. तेथे आपल्याहूनही लहान बाळ पाहून ती आपण होऊन उतरली आणि मोठ्या माणसाच्या थाटात म्हणाली, की आता हा हिचा. मास्तरीणबाईंनी ही हकिगत गल्लीत इतक्यांदा सांगितली, की त्यांनी तोंड उघडताच ऐकणारे "तो टबाचा किस्सा ना" असे विचारू लागले.

एवढे सारे दिले, परंतु एक पिशवी लेकीने कपाटाच्या मागच्या खणातून काढली नव्हती. तिच्यात एक झबले, एक टोपडे आणि पायमोज्यांचा जोड होता, सर्व इतके लहान, की बाहुलीचे वाटावे. मग एके दिवशी बातमी आली, की समोरच्या बेकरीवाल्याची पत्नी सातव्याच महिन्यात बाळंत झाली आणि तिचे बाळ काचेच्या पेटीत आहे. लेक त्या संध्याकाळी रुग्णालयात जाऊन आली आणि रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली. सकाळी तिने ती पिशवी काढली, कपडे स्वतः हाताने धुतले, वाळवले, आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाताना लॉन्ड्रीच्या टेबलावर ठेवले.

"बाबा, एवढ्यावर हलकी इस्त्री फिरवा. चार वाजता बेकरीवाल्या वहिनींकडे न्यायचंय," असे म्हणून ती गेली. याहून अधिक ती काही बोलली नाही, आणि मास्तरांनीही विचारले नाही. बोलण्यात कंजूष असणे हा त्या घराचा दोष होता. सर्वांच्या वाटचे मास्तरीणबाई एकट्याच बोलत.

मास्तरांनी झबले हातात घेतले आणि त्यांना ते एकोणीस दिवस आठवले. त्या कक्षात केवळ आईला प्रवेश होता. मास्तर बाहेरच्या बाकावर बसून राहत. हाताला काम नसले की त्यांचा जीव कासावीस होई, म्हणून त्यांनी त्या बाकांवरच्या सर्व अनोळखी लोकांच्या शाली, चादरी आणि टॉवेल घडी घालून ठेवण्यास प्रारंभ केला. लोक प्रथम संशयाने पाहत, नंतर आपण होऊन आणून देत. त्या दिवसांत कोणा परक्या बाईने लेकीला हे कपडे दिले, एवढेच त्यांना ठाऊक होते. जगातल्या कोणत्याही दुकानात त्या मापाचा कपडा मिळत नव्हता, आणि ज्या दिवशी मुंगी पेटीबाहेर आली त्या दिवशी ती उघडी राहिली नाही ती त्या बाईमुळे. तिचे तोंडही मास्तरांनी पाहिले नव्हते. आभार मानायचे राहून गेले, ही सल त्यांच्या मनात अडीच वर्षे होती. निदान या कपड्यांची सेवा तरी यथासांग करू, असे त्यांनी ठरवले आणि टेबलावरची चादर बदलून नवी अंथरली.

झबले धुऊन धुऊन सायीच्या रंगाचे झाले होते. ते उलटे करताच आतल्या काठाशी रंगीत टाक्यांची ओळ दिसली. मास्तरांनी मोजले: दहा टाके, दहा रंग. या कपड्याने दहा लॉन्ड्र्या पाहिल्या आणि एकानेही आधीची खूण काढण्याची तसदी घेतली नाही, असे म्हणून ते हळहळले. मग चष्मा लावून, सुईच्या टोकाने, त्यांनी एकेक टाका उसवण्यास घेतला. आणि धंद्यातल्या माणसाच्या सवयीप्रमाणे प्रत्येकावर अभिप्रायही देत गेले. पहिला लाल, घाईत घातलेला. दुसरा पिवळा, बरा. तिसरा आकाशी, धागा विनाकारण लांब सोडलेला. चौथा जांभळा, त्याला गाठीवर गाठ, जणू झबले कोणी पळवून नेणार होते. सहावा चक्क बुटाच्या काळ्या दोऱ्याचा, हे काम बायकी हाताचे नव्हेच. आठवा हिरवा तर असा वाकडा, की पाहणाऱ्याची मान तिरकी व्हावी. ही कोण आंधळी शिवायला बसली होती, असे ते उघड म्हणाले. दहाही टाके काढून त्यांनी कापडावर ओला रुमाल धरला आणि वाफेची इस्त्री फिरवली. सुईची भोके मिटली. झबले कोऱ्यासारखे झाले. धाग्यांचे तुकडे झाडून मास्तरांनी गटारात टाकले आणि समाधानाने एक कप चहा घेतला.

अडीच वाजता लेक अर्धी रजा घेऊन आली. तिने झबले उचलले, उलटे केले, आणि त्याच्या काठावरून अंगठा फिरवला. तो अंगठा मध्येच थांबला.

"यातले टाके कुठं गेले?"

मास्तरांनी अभिमानाने सांगितले, की जुन्या खुणा होत्या, सर्व काढून टाकल्या, आता पाहा कसे नवे दिसते. लेक खालीच बसली. ती रडली असती तर मास्तरांना बरे वाटले असते. परंतु ती रडली नाही. तिने अगदी हळू आवाजात सांगितले, की त्या लॉन्ड्रीच्या खुणा नव्हत्या.

तिने जे सांगितले ते असे. ज्या बाळाने ते झबले घातले आणि जे बाळ पेटीतून निघून धडधाकट घरी गेले, त्याच्या घरच्यांनी घरी जाताना त्यावर एक टाका घालायचा आणि झबले पुढच्या बाळाला द्यायचे, असा त्या झबल्याचा रिवाज होता. पलीकडच्या खाटेवरच्या, टपाल कार्यालयात काम करणाऱ्या बाईने लेकीला ते दिले तेव्हा त्यावर अकरा टाके होते. अकरा बाळे घरी गेली होती. ते एकोणीस दिवस लेकीचे डोळे पेटीवर असत आणि बोटे त्या टाक्यांवर. माळेचे मणी ओढावे तशी ती अकरापर्यंत जाई आणि परत येई. तेवढ्यानेच तिचा धीर टिकला. मात्र स्वतःचा टाका तिने घातलाच नव्हता. मुंगी घरी आली तरी आज सर्दी, उद्या ताप, तिच्या मनाची खात्री पटेना. टाका घातला म्हणजे पोर तगले असे आपण आपल्या तोंडाने म्हटल्यासारखे होईल, आणि नजर लागेल, या भीतीने तिने झबले अडीच वर्षे दडवून ठेवले. मधल्या काळात ते कोणाकोणाला हवे असेल, याचाही विचार तिला आता पोळत होता.

"काल मी वहिनींना फोनवर शब्द दिलाय, बाबा. म्हटलं, उद्या अकरा टाके घेऊन येते, ते मोजत बसा. त्या वाट बघत असतील."

मास्तरांच्या तोंडचे पाणी पळाले. ज्यांचे आभार मानायला ते अडीच वर्षे तळमळत होते, त्यांनाच त्यांनी सकाळी सुईने उपटून गटारात टाकले होते, आणि वर नावे ठेवली होती. सेवा करायला गेलो आणि हात दाखवून अवलक्षण केले, असे त्यांना झाले. मग मास्तर उठले, धाग्यांचा पत्र्याचा डबा त्यांनी टेबलावर उपडा केला आणि म्हणाले, की तीन वाजायच्या आत सर्व टाके परत घालतो. कोणता रंग कोठे होता आणि कसा होता ते मी विसरलेलो नाही. दीडशे घरे ज्याच्या डोक्यात राहतात त्याच्या डोक्यात दहा टाके राहणार नाहीत काय?

लाल, पिवळा आणि आकाशी टाका त्यांनी चटकन घातला, आकाशीचा धागा आठवणीने लांब सोडला. जांभळ्याला गाठीवर गाठ मारली. लेकीने त्यावर बोट ठेवले आणि तिचा चेहरा किंचित उजळला. ही गाठ तिच्या बोटाला टोचत असे, असे ती म्हणाली. तो पाचवा टाका, हे तिच्या नीट लक्षात होते.

"चौथा," मास्तर म्हणाले.

"पाचवा, बाबा. मी हजार वेळा मोजलाय."

मास्तरांनी वाद घातला नाही, पण त्यांच्या हिशेबात फरक पडत नव्हता. पुढे बुटाचा दोरा आला. तो डब्यात नव्हता, म्हणून त्यांनी आपल्या जोड्याची शिवण उसवून काढला आणि स्वच्छ धुऊन घेतला. हा बापाने घातला असणार, असे लेक म्हणाली, आणि मास्तरांनी मान खाली घालून तो टाका घातला. मग हिरव्याची पाळी आली आणि तेथे गाडी अडली. मास्तरांचा हात वाकडा टाका घालीना. तीस वर्षांची सवय. सुई आपोआप सरळ जाई. तीनदा घातला, तीनदा सुरेख आला, तीनदा उसवावा लागला. शेवटी त्यांनी जिन्याखालून मास्तरीणबाईंना हाक मारली.

सर्व हकिगत ऐकून मास्तरीणबाईंनी कपाळाला हात लावला, आणि मग सुई घेतली. "वाकडं शिवायचं असलं की बरी आठवते मी," त्या म्हणाल्या. त्यांना डोळ्यांनी कमी दिसे आणि हातही थरथरे. टाका असा पडला, की मास्तर म्हणाले, हुबेहूब. त्यांनी पत्नीच्या शिवणकामाची केलेली ही पहिलीच स्तुती होती, आणि मास्तरीणबाईंनी ती लेकीला साक्षीदार ठेवून स्वीकारली.

दहावा टाका झाला तेव्हा तीन वाजून गेले होते. लेकीने मोजले आणि हात मांडीवर ठेवले. दहाच. अकरावा नव्हता.

मास्तरांनी डोळे मिटून सकाळ पुन्हा पुन्हा आठवली. त्यांनी दहाच काढले होते, शपथेवर दहा. लेक म्हणत होती अकरा, आणि तीही खोटे बोलणारी नव्हती. तिला रंग विचारावा, तर तिने रंग कधी पाहिलेच नव्हते. वाटेल तो एक घालून संख्या जुळवण्याचा मोह मास्तरांना क्षणभर झाला. परंतु घरी गेलेल्या बाळाच्या ठिकाणी मनाने रचलेले बाळ घालणे त्यांच्या हातून होईना. हताश होऊन ते टोपडे घडी करू लागले.

तेव्हा मास्तरीणबाई बोलल्या. "अहो, तुम्ही चौथा म्हणता, ती पाचवा म्हणते. दोघंही खरे असाल तर जो हरवलाय तो अलीकडचाच ना? आणि तू गं, डोळे कशाला फाडून बघतेस? तेव्हा मोजायचीस तसं मोज की."

लेकीने डोळे मिटले. ओळीच्याही अलीकडे, जेथे काठ आणि बंद एकत्र येतात त्या कोपऱ्यात तिने बोट ठेवले आणि तेथून हळूहळू सरकवले. बोट थांबले.

"आहे," ती म्हणाली.

सायीच्या रंगाच्या कापडावर त्याच रंगाच्या धाग्याचा टाका होता. इतका बारीक आणि इतका नीट, की मास्तरांच्या चष्म्यालाही तो सापडला नव्हता. ज्या माउलीने ते झबले शिवले, तिने उरलेल्या धाग्यानेच आपल्या बाळाचा टाका घातला असला पाहिजे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे खरेच. मास्तरांनी त्या टाक्यावरून बोट फिरवले. मग एवढेच म्हणाले, की एवढा चांगला हात मी माझ्या धंद्यात पाहिला नाही. बरे झाले, माझ्या नजरेतून सुटला.

त्यानंतर लेकीने सुई मागितली. मास्तरांना वाटले काही राहिले. तिने डब्यातून निळा धागा उचलला, जो लॉन्ड्रीवाल्यांच्या स्वतःच्या घराची खूण म्हणून मास्तर तीस वर्षे वापरत होते. वरच्या खोलीत मुंगी कसला तरी डबा खडखडत होती, बहुधा साखरेचाच. लेकीने एकदा वर पाहिले, आणि बारावा टाका घातला. मास्तरीणबाईंनी उरलेला धागा दातांनी तोडून दिला.

मुंगीला शेजारच्या भाडेकरूंकडे ठेवून चार वाजता ते तिघे रुग्णालयात पोहोचले. मास्तर सवयीने बाहेरच्या बाकावर बसू लागले, पण लेकीने त्यांना दंडाला धरून भेटीच्या खोलीत नेले. बेकरीवाल्याची पत्नी खुर्चीवर बसली होती. हातांवर भट्टीचे जुने डाग होते आणि ते हात रिकामे होते. काचेपलीकडे तिचे बाळ दिसत होते. बेकरीवाला तिच्यामागे उभा राहून विनाकारण टोपी चुरगाळत होता.

लेकीने झबले पुढे केले. पण मास्तर मध्ये पडले. जे द्यायचे ते खरे सांगून द्यावे, असे त्यांनी वाटेत ठरवले होते. त्यांनी सर्व सांगितले: मूळचा टाका एक, आजचा लेकीचा एक, आणि मधले दहा माझ्या मूर्खपणाने गेले व आठवणीने परत आले. रंग तेच, जागा त्याच, हात मात्र माझा. आणि एक टाका हिचा. असे म्हणून त्यांनी पत्नीकडे बोट दाखवले.

बेकरीवालीने झबले मांडीवर घेतले. तिचे बोट पहिल्या टाक्यापासून निघाले, गाठीशी अडखळले, दोऱ्यावर थबकले आणि हिरव्यावर येऊन थांबले.

"हा पहिल्यापासून एवढाच वाकडा होता?"

"एवढाच," मास्तर म्हणाले. "शपथेवर."

"म्हणजे घरी जाताना पण तिचे हात कापतच होते." ती प्रथमच हसली. "मला वाटलं, मीच एकटी."

तिने बोट तेथेच ठेवले. बेकरीवाल्याने आपली चुरगाळलेली टोपी बाकावर ठेवली, आणि मास्तरांनी कोणाच्या लक्षात न येता ती सरळ करून तिची घडी घातली.

त्या दिवसापासून मास्तरांच्या मनातली सल गेली. ज्यांची तोंडे त्यांनी पाहिली नव्हती त्यांचे हात आता त्यांना ठाऊक झाले होते: घाई करणारी, धागा लांब सोडणारी, गाठीवर गाठ मारणारी, आणि बुटाचा दोरा घेऊन बसलेला तो बाप. टाका शिवताना प्रत्येकाचे मनोमन आभार मानून झाले होते. धंद्यातही एक बदल घडला. कोणतीही खूण उसवण्यापूर्वी मास्तर आता गिऱ्हाइकाला विचारू लागले, की हा धागा कोणाचा, काढू का? लोक हसत. मास्तरीणबाई सांगत, की विचारू द्या, उशिरा का होईना शिकताहेत.

तेहतीस दिवसांनी, भर दुपारी, बेकरीवाली लॉन्ड्रीच्या दारात उभी राहिली. तिच्या कुशीत दुपट्यात गुंडाळलेले बाळ होते आणि हातात झबले. तिला तेराव्या टाक्यासाठी धागा हवा होता. मास्तरांनी डबा उघडून तिच्यापुढे धरला आणि कोणता रंग हवा ते विचारले.

"पावाच्या वरच्या सालीसारखा," ती म्हणाली. "नीट भाजलेल्या."

मास्तरांनी सर्व धागे चाळले. तपकिरी होता तो काळपट. बदामी होता तो कच्च्या पावाचा. नीट भाजलेला नव्हता. यातला कोणताही चालेल, असे ती संकोचून म्हणाली. मास्तरांनी इस्त्री बंद केली, तिला पंख्याखाली खुर्ची दिली, पत्नीला हाक मारून दुकान सांभाळायला सांगितले, आणि उन्हाची पर्वा न करता, नमुन्यासाठी बेकरीतून एक पाव विकत घेऊन, ते बाजारात धागा आणायला निघाले.